"एक सूत्र पाठ करा, टेस्ट निघते" म्हणणाऱ्यांना उत्तर

तापीकाठची_सिस्टर

परवा भुसावळच्या भाऊंनी नर्सच्या नोकरीआधीच्या ड्रग कॅल्क्युलेशनच्या, म्हणजे औषधाचा डोस काढण्याच्या, टेस्टवर लिहिलं: "घाबरू नका. हवा तो डोस भागिले हातातला डोस गुणिले एमएल, एवढं एकच सूत्र पाठ करा, पीडीएफमधले पन्नास एमसीक्यू सोडवा, दोन रात्रीत होतं. बाकी वॉर्डात सलाइनचा पंप आहे, सिनिअर आहेत, आपोआप जमतं." खाली दीडशे जणींनी थँक्यू लिहिलं. ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सूत्र कोणाचंच चुकत नाही. नापास होणाऱ्या मुलीच्या पेपरातही सूत्र बरोबर लिहिलेलं असतं. चूक त्याच्या आधी झालेली असते, नाहीतर त्याच्या नंतर.

आधीची चूक युनिटची. ऑर्डर डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅमची, पट्टीवर छापलंय ०.२५ एमजी. १२५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१२५ एमजी, म्हणजे अर्धी गोळी. पण हजाराने भागायच्या ऐवजी शंभराने भागलं की १.२५ होतात आणि सूत्र इमानदारीत सांगतं, पाच गोळ्या द्या. सूत्राला गोळी कशाची आहे ते कळत नाही. म्हणून सूत्रात आकडा टाकायच्या आधी दोन्ही बाजू एकाच युनिटमध्ये आणायच्या आणि प्रत्येक ओळीत युनिट लिहायचं. नुसता '१२५' लिहायचा नाही.

दुसरी चूक टक्क्यांची. मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवणारं औषध) अ‍ॅम्प्युल २ एमएल, ५० टक्के. टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये तितके ग्रॅम. म्हणजे १ एमएलमध्ये अर्धा ग्रॅम, एका अ‍ॅम्प्युलमध्ये १ ग्रॅम. एक्लॅम्प्सियाला (गरोदरपणातले झटके) प्रिचर्ड पद्धतीचा लोडिंग, म्हणजे सुरुवातीचा मोठा, डोस शिरेतून ४ ग्रॅम, २० टक्के करून. चार अ‍ॅम्प्युल म्हणजे ८ एमएल, त्यात १२ एमएल डिस्टिल्ड वॉटर, झाले २० एमएल. पडताळा: २० एमएलमध्ये ४ ग्रॅम, म्हणजे १०० मध्ये २० ग्रॅम. बरोबर. आणि कमरेत १० ग्रॅम, ते पातळ न करता, दोन्ही बाजूंना १०-१० एमएल. टेस्टमध्ये मुली ८ एमएलमध्ये २० एमएल पाणी घालतात. झाले २८ एमएल, टक्केवारी गेली.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, पॅरासिटामॉलच्या बाटलीची. १०० एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे १ एमएलला १० एमजी. बारा किलोच्या पोराला १५ एमजी प्रति किलोने १८० एमजी, म्हणजे १८ एमएल. इथे कोणी १८० एमएल लिहिलं तर निदान बाटलीच पुरत नाही, हात थांबतो. पण सहा किलोचं बाळ घ्या. दहा किलोच्या आत ७.५ एमजी प्रति किलो, म्हणजे ४५ एमजी, म्हणजे ४.५ एमएल. इथे एमजीचा आकडा एमएल म्हणून वाचला तर ४५ एमएल बाटलीत आरामात आहे, सलाइनच्या नळीच्या सेटमधून आरामात जातं, आणि बाळाला दहापट डोस बसतो. कुठलाच अलार्म वाजत नाही. पंप लावला तरी पंप ४५ एमएलच देणार.

म्हणून माझं म्हणणं असं की तयारी पीडीएफवरून नाही, लेबलवरून करा. रिकामे खोके, व्हायल, सेटचं पाकीट जमवा आणि त्यावरून स्वतः प्रश्न काढा. आणि उत्तर आलं की विचारा: हे हातात कसं दिसेल? तीनपेक्षा जास्त गोळ्या किंवा तीनपेक्षा जास्त अ‍ॅम्प्युल आल्या की थांबा, चुकलंय.

भुसावळकर_ब्रदर

ताई, माझं नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. टेस्ट आणि वॉर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्टला २० प्रश्न, अर्धा तास, कॅल्क्युलेटर नाही, आणि कुठे ८० टक्के, कुठे ९० टक्के लागतात. प्रश्नाला दीड मिनिट. त्या दीड मिनिटात मॅगसल्फवर चिंतन करत बसली तर पोरगी बाहेर. आधी आत तर येऊ द्या.

माझ्या पोस्टमुळे ज्या मुली टेस्टचा फॉर्मच भरत नव्हत्या त्या भरायला लागल्या. गणिताची भीती काय असते ते गणित येणाऱ्यांना कळत नाही. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. गणित दहावीला सुटलं ते सुटलं. जीएनएमला तर आर्ट्सच्याही मुली. त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी मायक्रोग्रॅम आणि टक्केवारी टाकली तर त्या पुस्तक मिटतात. एक सूत्र हा पहिला आधार आहे. तो काढून घेऊ नका.

कपाशीपट्टा

सिस्टर ताईंचं बाकी पटलं, पण शेवटचं वाक्य धोक्याचं आहे. 'तीनपेक्षा जास्त अ‍ॅम्प्युल म्हणजे चुकलंय' हे खान्देशात तरी शिकवू नका.

फवारणीच्या दिवसांत ऑरगॅनोफॉस्फरसचा, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेचा, पेशंट येतो. अ‍ॅट्रोपिनची अ‍ॅम्प्युल १ एमएल, ०.६ एमजी. पहिला डोस १.८ एमजी घेतला तर तीन अ‍ॅम्प्युल. पाच मिनिटांनी छातीतली घरघर तशीच, घाम तसाच, तर दुप्पट, सहा. मग बारा. मग चोवीस. पंधरा मिनिटांत ४५ अ‍ॅम्प्युल, २७ एमजी. छाती कोरडी झाली की पुढे एकूण लागलेल्या डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला, म्हणजे २.७ ते ५.४ एमजी, म्हणजे ४.५ ते ९ एमएल तासाला. हे सगळं बरोबर उत्तर आहे. तुमच्या नियमाने चाललेली सिस्टर चौथ्या अ‍ॅम्प्युलला हात आखडता घेईल.

सापाचंही तेच. एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरुवातीलाच दहा व्हायल, आणि पोराला असो की मोठ्याला, व्हायल तितक्याच, कारण विष पोराचं वजन बघून शिरत नाही. टेस्टमध्ये हा प्रश्न मुद्दाम टाकतात: 'वजन १५ किलो, एएसव्ही किती?' वजन दिलंय म्हणून मुली गुणाकार करत बसतात. आणि स्वतः ताईंनीच वर मॅगसल्फचा लोडिंग सांगितला, शिरेतून ४ आणि कमरेत १०, एकूण १४ अ‍ॅम्प्युल. स्वतःच्याच पोस्टमध्ये नियम मोडला.

तापीकाठची_सिस्टर

मॅगसल्फचं बरोबर पकडलंत. 'चुकलंय' हा शब्द मागे घेते. 'थांबा आणि पुन्हा करा' असं वाचा. पण नियम टाकून देणार नाही. ज्या औषधांना खरंच ढिगाने अ‍ॅम्प्युल लागतात ती थोडी आहेत, उदाहरणार्थ: अ‍ॅट्रोपिन, एएसव्ही, मॅगसल्फ. ती नावं पाठ असावीत, बाकी सगळीकडे चौथी अ‍ॅम्प्युल फोडायच्या आधी कागद परत बघायचा.

भुसावळच्या भाऊंना: भीती घालवायला खोटा दिलासा लागत नाही. दीड मिनिट पुरतं, फक्त सोपे रस्ते माहीत पाहिजेत. ५०० एमएल सहा तासांत, सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांचा १ एमएल. पूर्ण सूत्र मांडलं तर ५०० गुणिले २० भागिले ३६०. एवढा भागाकार करायचा कशाला? तासाला ८३ एमएल, २० थेंबांच्या सेटला तीनने भागा, २८ थेंब. ६० मिनिटांना २० ने भागलं की ३, म्हणून तीन. १५ च्या सेटला चारने. मायक्रो सेटला (६० थेंबांचा १ एमएल) भागायचंच नाही, जेवढे एमएल तासाला तेवढे थेंब मिनिटाला. हे कळलं की पाठ करायची गरजच नाही. मुलींना कारण सांगा, त्या लक्षात ठेवतात.

आयसीयू_रात्रपाळी

पंपाबद्दल दोन्हीकडून अर्धवट बोललं जातंय.

पंप एमएल प्रति तास मागतो. ऑर्डर असते मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. मधला पूल सिस्टरच बांधते. डोपामिन (बीपी वाढवणारं औषध) घ्या, ६० किलोचा पेशंट, ५ मायक्रोग्रॅम. ६० गुणिले ५, मिनिटाला ३००. तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ एमजी. अ‍ॅम्प्युल ५ एमएल, २०० एमजी. ५० एमएलच्या सिरिंजमध्ये भरली तर १ एमएलला ४ एमजी, म्हणून ४.५ एमएल तासाला.

चुकतं कुठे? एक, ६० ने गुणायचं राहतं. मग उत्तर ०.०७५ येतं आणि मुली ते तसंच लिहून मोकळ्या होतात. दोन, वजनाचा साठ आणि मिनिटांचा साठ एकच समजून एकदाच धरतात. म्हणून सराव करताना ६० किलोचा पेशंट घेऊच नका, ५२ चा घ्या, लगेच कळतं. तीन, ५ एमएल औषधात ५० एमएल सलाइन ओततात. ते ५५ झालं. ४५ ओतायचं.

उत्तर पडताळायला एक रस्ता: वजनाच्या तिप्पट एमजी ५० एमएलमध्ये टाकले तर १ एमएल प्रति तास म्हणजे बरोबर १ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ६० किलोला १८० एमजी. आपण टाकले २००, म्हणजे थोडं घट्ट, म्हणून ५ च्या जागी ४.५. जुळलं.

आणि पंप नसेल तेव्हा? हेच २०० एमजी ५०० एमएलमध्ये, मायक्रो सेटला. १ एमएलला ४०० मायक्रोग्रॅम, मिनिटाला ०.७५ एमएल, ४५ थेंब. तालुक्याच्या हॉस्पिटलात लाइट गेल्यावर हेच करावं लागतं.

सातपुडा_वॉर्ड

तुम्ही सगळे गणितावर भांडताय. आमच्याकडे अक्कलकुवा, धडगावच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुली गणितात नाही, इंग्रजीत पडतात. याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही, म्हणून राग येतो.

'सेव्हन्टी फाइव्ह एमजी पर केजी पर डे इन थ्री डिव्हायडेड डोसेस.' आठ किलोचं मूल. ६०० एमजी दिवसाचे, तीन भाग, २०० एमजी एका वेळी. मुली ६०० लिहितात. त्यांना ७५ गुणिले ८ येतंच, फक्त 'पर डे' आणि 'पर डोस' यातला फरक कोणी सांगितलेला नसतो. 'इन्फ्यूज ओव्हर एट अवर्स' मधला 'ओव्हर' म्हणजे 'इतक्या वेळात' हे त्यांना कुठल्या पुस्तकात मिळणार? 'हाऊ मच रिमेन्स' म्हणजे गेलेलं वजा करायचं. हा सगळा पेपर मराठीत दिला तर याच मुली वीसपैकी अठरा आणतील. ज्या वॉर्डात पेशंटशी भिली आणि पावरीत बोलावं लागतं त्या वॉर्डच्या नोकरीला इंग्रजीची चाळणी का?

तयारी करणाऱ्यांसाठी: प्रश्नातले असे वीस-पंचवीस शब्द वहीत उतरवा, समोर मराठीत अर्थ लिहा. प्रश्न वाचताना 'पर डे', 'पर डोस', 'ओव्हर', 'एव्हरी' यांच्याभोवती गोल करा. 'एव्हरी सिक्स अवर्स' म्हणजे दिवसातून चार वेळा, सहा वेळा नाही.

भुसावळकर_ब्रदर

सातपुडा, हे शंभर टक्के खरं. आणि म्हणूनच मी म्हणतो की आधी सोपं द्या.

पेपर_काढणारा

मी असे पेपर काढतो आणि तपासतो, त्यामुळे इंग्रजीच्या मुद्द्यावर विरोधात बोलतो. औषधाचं लेबल इंग्रजीत आहे. डॉक्टरची ऑर्डर इंग्रजीत आहे. पेपर मराठीत केला तर मुलगी पास होईल आणि पहिल्याच रात्री केसपेपरवर 'पर डे इन डिव्हायडेड डोसेस' वाचून तिप्पट देईल. चाळणी भाषेची नाही, ऑर्डर वाचण्याची आहे. ती शिकवायची जबाबदारी कॉलेजची होती, हे मान्य, पण त्याची किंमत मुलाने का मोजावी?

आता मार्क कुठे जातात ते सांगतो. थेंब नेहमी पूर्ण आकड्यात, २७.८ थेंब कोणी मोजू शकत नाही, २८ लिहा. एमएल एकपेक्षा जास्त असेल तर एक दशांश, कारण २ एमएलच्या सिरिंजवर ०.१ ची रेघ असते. एकच्या आत असेल तर दोन दशांश, कारण तिथे १ एमएलची ट्युबरक्युलिन सिरिंज लागते आणि तिच्यावर ०.०१ च्या रेघा आहेत. अ‍ॅमिकॅसिन घ्या, ५०० एमजी २ एमएलमध्ये, आठ किलोच्या मुलाला १५ एमजी प्रति किलोने १२० एमजी, उत्तर ०.४८ एमएल. '०.५' लिहिलं तर मी मार्क कापतो. '.४८' लिहिलं तरी कापतो, कारण बिंदू पुसट झाला की ४८ होतो. आणि '५.०' लिहिलं तरी कापतो, कारण ते ५० वाचलं जातं. पूर्ण आकड्यानंतर बिंदू-शून्य नाही, बिंदूच्या आधी शून्य हवंच.

वेळेचं गणित: १००० एमएल, ४० थेंब, २० चा सेट. तासाला १२० एमएल, ८.३३ तास. सकाळी ८ ला लावलं तर कधी संपेल? निम्मे जण ४:३३ लिहितात. ०.३३ तास म्हणजे २० मिनिटं. ४:२०.

सातपुडा_वॉर्ड

"शिकवायची जबाबदारी कॉलेजची होती" म्हणून हात झटकणं फार सोपं आहे. तुम्ही ०.५ ला मार्क कापता, पण ज्या वॉर्डात १ एमएलची सिरिंजच पुरवठ्यात नसते तिथे ती मुलगी ०.४८ कशाने काढणार? आमच्याकडे कुपोषित बाळांच्या वॉर्डात हे रोजचं आहे. सहा किलोचं बाळ, जेंटामायसिन ७.५ एमजी प्रति किलो, ४५ एमजी. व्हायल २ एमएलमध्ये ८० एमजी. उत्तर १.१२५. हातातल्या सिरिंजवर १.१ आहे आणि १.२ आहे. १.१ घ्यायचं. आणि याच बाळाचं एफ-७५ दूध १३० एमएल प्रति किलो, ७८० एमएल दिवसाचं, दोन तासांनी बारा वेळा, ६५ एमएल. अंगावर जास्त सूज असेल तर १०० ने, म्हणजे ५० एमएल. वाटीने पाजायचं. हे तुमच्या पेपरात आहे का? नाही. तुमच्या पेपरात अमेरिकन पुस्तकातले औन्स आणि टीस्पून आहेत.

पेपर_काढणारा

औन्स माझ्या पेपरात नाहीत. एफ-७५ चा प्रश्न नव्हता, हे खरं आहे, आणि तो असायला हवा. पुढच्या पेपरात टाकतो.

मेडिकल_शहादा

अमेरिकन पुस्तकांचा विषय निघाला म्हणून विचारतो: इन्सुलिनचं काय? सगळ्या पीडीएफमध्ये इन्सुलिन १ एमएलला १०० युनिट धरलेलं आहे. आपल्या दुकानात आणि हॉस्पिटलात जी व्हायल येते ती बहुतेक ४० युनिटची. पेन आणि त्यात बसणारं काट्रिज १०० चं. काही व्हायलही १०० च्या येतात. लाल टोपीची सिरिंज ४० ची, केशरी टोपीची १०० ची. गिऱ्हाईक नुसतं 'इन्सुलिनची सुई द्या' म्हणतं आणि समोरचा जी हाताला लागेल ती देतो.

१०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ते अर्धा एमएल होतं, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलट, ४० चं इन्सुलिन केशरीत २० पर्यंत ओढलं तर ०.२ एमएल, फक्त ८ युनिट. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, आणि एक दिवस घरात बरोबर सिरिंज येते.

आयसीयू_रात्रपाळी

हेच ड्रिपमध्ये होतं. ऑर्डर: ५० युनिट, ५० एमएल सलाइनमध्ये, म्हणजे १ एमएलला १ युनिट. ४० च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे १.२५ एमएल, त्यात ४८.७५ एमएल सलाइन. पुस्तक वाचून आलेली मुलगी ०.५ एमएल घेते. सिरिंजमध्ये गेले २० युनिट. लेबलवर लिहिलं ५०. रात्रभर शुगर उतरत नाही, रेट ६ वरून १०, १० वरून १४. सकाळी ड्यूटी बदलते, नवी सिरिंज बरोबर भरली जाते, रेट मात्र १४ चाच राहतो. आता खरे १४ युनिट तासाला जातात. दोन तासांत पेशंट घामाघूम, शुगर ४०.

तापीकाठची_सिस्टर

नेमकं हेच म्हणत होते. सूत्र दोन्ही वेळा बरोबर आहे. ५० भागिले १०० गुणिले १ बरोबर ०.५. व्हायलवरचा ४० कोणी वाचला नाही.

कपाशीपट्टा

ताई, इथे मी तुमच्या विरोधात आहे, आणि ठामपणे. इन्सुलिनचं एमएलमध्ये गणितच करायला लावू नका. ४० ची व्हायल, ४० ची सिरिंज, रेघ म्हणजे युनिट, संपलं. टेस्टमध्ये 'किती एमएल' विचारलं की मुलींना वाटतं साध्या २ एमएलच्या सिरिंजने ओढलं तरी चालतं. गणित शिकवून तुम्ही चुकीचा दरवाजा उघडताय.

आयसीयू_रात्रपाळी

आणि रात्री दोनला लाल टोपीची सिरिंज संपली तर? ट्युबरक्युलिन आहे, व्हायल आहे, पोटॅशियम वाढलेला, इन्सुलिन लगेच हवं असलेला पेशंट आहे. १० युनिट भागिले ४०, ०.२५ एमएल. हे येत नसेल तर पेशंटसमोर उभं राहून काय करणार?

कपाशीपट्टा

सिरिंज संपू द्यायचीच नाही! क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या सामानाची गाडी) लाल टोपीच्या दहा सिरिंज ठेवा, दर पाळीला मोजा. पुरवठ्याच्या गलथानपणाला गणिताचं ठिगळ लावायचं बंद करा. वर सातपुड्याच्या ताईंनी १ एमएलच्या सिरिंजचं सांगितलं, तेही तेच दुखणं आहे.

मेडिकल_शहादा

दोघंही एक गोष्ट सोडताय. काट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढणं. पेन बिघडलं की घरी सर्रास करतात, वॉर्डातही करतात. काट्रिज १०० चं, हातातली सिरिंज लाल टोपीची. अडीचपट तिथेच होतं. टेस्टमध्ये प्रश्न टाकायचाच तर हा टाका: काट्रिजचं चित्र, लाल सिरिंजचं चित्र, आणि 'तुम्ही काय कराल?' उत्तर एमएलमध्ये नाही. उत्तर आहे, ओढणार नाही.

पेपर_काढणारा

इन्सुलिनच्या प्रश्नात 'एका एमएलमध्ये किती युनिट' हे लिहिलेलंच असतं. न लिहिणारा पेपरच चुकीचा. तरीही चित्राची कल्पना घेण्यासारखी आहे. लेबलचा फोटो देऊन त्यातून आकडा शोधायला लावणं हे तयार आकडा देण्यापेक्षा बरं.

तापीकाठची_सिस्टर

मग पहिल्या पोस्टमध्ये मी वेगळं काय लिहिलं होतं?

कपाशीपट्टा भाऊ, सिरिंज साठ्यात असावी हे मान्य, वादच नाही. पण ड्रिप भरताना ५० युनिट लाल सिरिंजने घ्यायचे तर ४० च्या एका सिरिंजमध्ये मावत नाहीत, ४० आणि १० असं दोनदा घ्यावं लागतं. ते घ्या, उत्तम. तरी १.२५ एमएल व्हायला हवं हे डोक्यात पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांदा घ्यायचं राहिलं हे कळणार कसं?

कपाशीपट्टा

पडताळ्यापुरतं चालेल. ओढण्यासाठी नाही.

भुसावळकर_ब्रदर

इन्सुलिनमध्ये सगळे अडकले, पण एक सांगा. माझ्या पोस्टखाली आत्ताच एका मुलीने विचारलंय, तिची परवा धुळ्याला टेस्ट आहे. दोन दिवसांत तिने काय करायचं? लेबल जमवत फिरायचं?

तापीकाठची_सिस्टर

हो. मेडिकलवाल्याकडून सेटचं एक रिकामं पाकीट, एक मॅगसल्फचं खोकं, एक पॅरासिटामॉलची बाटली, एक ४० च्या इन्सुलिनचं खोकं. अर्धा तास लागतो. प्रत्येकावरून पाच प्रश्न, प्रत्येक ओळीत युनिट. ग्रॅम-एमजी-मायक्रोग्रॅम उलटसुलट तीस वेळा. थेंब: तीनने, चारने, काहीच नाही. पावडरच्या व्हायलचे दोन प्रश्न, कारण सेफ्ट्रायाक्सोन १ ग्रॅममध्ये ९.६ एमएल पाणी घातलं की १० एमएल होतात, पावडर स्वतःही जागा घेते. प्रश्नात '१० एमएल घातले' आहे की '१० एमएल केले' हे वाचायचं. तुमचं सूत्रही करू दे, भाऊ. पण सगळ्यात शेवटी.

भुसावळकर_ब्रदर

ठीक. पोस्टमध्ये 'आपोआप जमतं' हे वाक्य होतं ते काढलं. युनिटचं आणि लेबलचं वर टाकलं. सूत्र खाली ठेवलंय, ते काढणार नाही.

तिने अजून एक विचारलंय: पेपरात सेट किती थेंबांचा ते लिहिलंच नसेल तर २० धरायचा की १५?

पेपर_काढणारा

सांगितलं असेल तर सांगितलेलाच, मग तो १० असो की १५. नसेल तर आपल्याकडच्या पाकिटावर छापलेलं असतं तेच, साध्या सेटला २०, मायक्रोला ६०. आणि उत्तराच्या वर स्पष्ट लिहायचं: '२० थेंबांचा सेट धरला.' तेवढं लिहिलं असेल तर मी मार्क देतो.